पियानो वरच्या मजल्यावर आहे

दुबईच्या मराठी मंडळात गुणवंतराव पेंडशांना सगळे टरकून असत. दिवसा ते रास अल खोरच्या एका पाइप-फिटिंगच्या गोदामात अकाउंट्स मॅनेजर होते, आणि तिथे त्यांना कुणी टरकत नसे. पण महिन्यातून एकदा मंडळाचं झेरॉक्स केलेलं वार्तापत्र निघायचं आणि त्याच्या शेवटच्या पानावर गुणवंतराव परीक्षण लिहायचे. नाटक असो, सिनेमा असो, त्या पानावरून धडपणे कुणी घरी गेलं नव्हतं. एकदा लिहायला काहीच नव्हतं, तर त्यांनी मंडळाच्या कोजागिरीच्या दुधाचं परीक्षण लिहिलं आणि त्यात केशराचा सवंग वापर झाल्याचं नोंदवलं. दूध आटवणाऱ्या अपर्णावहिनी त्यांच्याशी महिनाभर बोलल्या नाहीत.

हे सगळं चालून गेलं असतं हो. पण शहाण्णवच्या गणपतीत मंडळानं एक फार्स बसवला. लिहिला होता अपर्णावहिनींच्या नवऱ्यानं, म्हणजे मंडळाचे अध्यक्ष उपेंद्र कारखानीस यांनी. त्यात बहिऱ्या घरमालकिणीचं काम केलं गुणवंतरावांच्या बायकोनं, मृणालिनीनं. दार उघडलं की ही आत, दार मिटलं की तो बाहेर, असा सगळा धुमाकूळ. लोक खुर्च्यांवरून घसरेपर्यंत हसले. दुसऱ्या दिवशी गुणवंतरावांनी पेन उचललं. घरच्या माणसाला सवलत द्यायची नाही, हे तत्त्व! त्यांनी लिहिलं, 'हशा पुष्कळ झाला. परंतु हशा हा कलेचा निकष नव्हे. सौ. मृणालिनी पेंडसे यांचा विनोद पोरकट वाटला. त्यांनी रंगमंचापेक्षा घरचाच मंच सांभाळावा.'

वार्तापत्र आलं तेव्हा आपल्या निःपक्षपातीपणाचं घरात कौतुक होईल, अशी त्यांची खरोखर समजूत होती. मृणालिनीनं ते पान वाचलं, चार घड्या घातल्या, मसाल्याच्या डब्याखाली सारलं आणि विचारलं, "भाजी कसली करू?"

त्या दिवसापासून घरातलं हसू गेलं. भांडण नाही, आदळआपट नाही, डबा वेळेवर. पण पूर्वी ही बाई घरभर नकला करत फिरायची. फोनवर बोलणारे गुणवंतरावांचे साहेब, भाव करणाऱ्या कारखानीस वहिनी, लिफ्टमध्ये पोट आत घेणारा शेजारी, सगळे हिच्या तोंडून बोलायचे. आता संध्याकाळी करामा भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये फक्त एसीची घरघर ऐकू यायची. गुणवंतरावांना ते हसू परत हवं होतं. अगदी जिवापाड हवं होतं. फक्त लिहिलेला शब्द मागे घ्यायचा नव्हता.

"बाबा, यू वेअर मीन," तेरा वर्षांच्या ईश्वरीनं त्यांना तोंडावर सुनावलं. "जस्ट से सॉरी."

"समीक्षक सॉरी म्हणत नसतो," गुणवंतराव म्हणाले.

सॉरी सोडून बाकी सगळं त्यांनी केलं. नवा मिक्सर आणला. शुक्रवारी समुद्रावर नेलं. शेवटी खालच्या गल्लीतल्या तय्यबच्या व्हिडिओ दुकानातून विनोदी कॅसेटींचा रतीब लावला. तय्यब रत्नागिरीकडचा, माणूस मोठा मिठ्ठास. पण त्याची एकही कॅसेट मृणालिनीच्या ओठाचा कोपरा हलवू शकली नाही.

"तीन दिरहम एका कॅसेटचे, म्हणजे तीस रुपये," गुणवंतराव वैतागले. "तीस रुपयांत माणसाला साधं हसू येऊ नये?"

"साहेब, मग हे न्या," तय्यब म्हणाला. "ब्रिटिश आहे, जुनं आहे. सेन्सॉरातून पास झालेलं, एकदम क्लीन. हॅरॉल्ड हिट्स द राइट नोट."

घरी येऊन त्यांनी कॅसेट लावली. ईश्वरी मैत्रिणीकडे गेली होती. मृणालिनी जमिनीवर पेपर पसरून मेथी निवडत बसली होती. सिनेमात हॅरॉल्ड नावाचा एक हडकुळा पियानो दुरुस्त करणारा होता. तपकिरी कोट, हातात हत्यारांची पिशवी. तो एका घराची बेल वाजवतो. गाऊन घातलेली बाई दार उघडते आणि म्हणते, "पियानो वरच्या मजल्यावर आहे." लगेच पडद्यावर आडवेतिडवे पट्टे आले, चित्र हिसका खाऊन उडालं, आणि हॅरॉल्ड त्याच दारातून बाहेर पडताना दिसला. केस पिंजारलेले, कोटाची बटणं चुकलेली, भिंतीला टेकून धापा टाकतोय. मग दुसरं घर. दुसरी बाई. "पियानो वरच्या मजल्यावर आहे." पट्टे. हॅरॉल्ड बाहेर, या वेळी एका पायात बूट नाही.

मृणालिनीनं मेथीची काडी हातात तशीच ठेवून वर पाहिलं. तिसऱ्या घराला तिचे खांदे हलायला लागले. चौथ्या घरी नवरा अवेळी परतला आणि हॅरॉल्ड पिशवीसकट खिडकीतून गुलाबाच्या ताटव्यात पडला, तेव्हा ती जी फुटली! पोट धरून, डोळ्यांतून पाणी काढत, मेथीच्या ढिगावर आडवी होऊन ती हसली.

"अगं बाई! बिचारा! किती ते पियानो, किती ते पियानो!"

गुणवंतराव टीव्हीकडे बघायचं सोडून तिच्याकडेच बघत बसले. हिला इतकं हसवणारा सिनेमा थोरच असला पाहिजे, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. आता थोर म्हटला की थोरपणाचं कारण हवं, आणि कारण शोधण्यात तर त्यांचा हातखंडा.

"अहो, पण तुम्हाला कळलं ना, हे काय चाललंय ते?" तिनं डोळे पुसत विचारलं.

"कळलं म्हणजे काय! मृणाल, हा श्रमप्रतिष्ठेचा सिनेमा आहे."

मृणालिनी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली आणि तिथून पुन्हा खिदळण्याचा आवाज आला. सांगायचं तर ती सांगू शकली असती. पण मसाल्याच्या डब्याखालचा कागद अजून तिथेच होता. बाहेर येऊन ती एवढंच म्हणाली, "तुम्ही समीक्षक. मी आपली घरचा मंच सांभाळते."

माणूस इतका भोळा कसा, असं तुम्ही विचाराल. अहो, पुस्तकातून जग पाहिलेला माणूस तो. शिवाय इथं राहणाऱ्यांना पट्ट्यांची सवय झालेली. पडद्यावर पट्टे आले, की सेन्सॉरनं दारूची बाटली कापली असेल म्हणायचं आणि पुढे बघायचं. इंग्रजांच्या घरात बाटली काय, वरच्या मजल्यावरही असणारच, असा गुणवंतरावांचा हिशेब.

ऑफिसात त्यांचे साहेब, मिस्टर विल्मॉट, यांच्याकडे सिनेमांच्या माहितीचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. त्यात गुणवंतरावांनी हॅरॉल्ड शोधला. एकच तारा! 'बेचव, बाष्कळ, व्हल्गर. पँट घसरणे यालाच विनोद समजणाऱ्यांसाठी. निर्मात्यांना लाज वाटायला हवी.' झालं, गुणवंतरावांचं माथं भडकलं. हॅरॉल्डची पँट तर त्यांनी घसरलेली पाहिलीच नव्हती. त्यांनी पान दोनऐवजी तीन रकान्यांचं करून घेतलं आणि आयुष्यातलं पहिलं स्तुतिपर परीक्षण लिहिलं.

'ब्रिटिश समीक्षकांना कष्टकरी माणूस व्हल्गर वाटावा, यात नवल ते काय? दिग्दर्शकाचा संयम पाहा. प्रत्यक्ष काम तो एकदाही दाखवत नाही. दाखवतो तो कामाआधीचा उत्साह आणि कामानंतरचा थकवा. चौथ्या घरी हॅरॉल्डला खिडकीतून जावं लागतं. कामगाराला समाजाचं पुढचं दार बंद असतं, हेच त्यातून सूचित होतं. सहकुटुंब पाहावा.'

मंडळात खळबळ उडाली. पेंडशांना काहीतरी आवडलं! उपेंद्ररावांनी लगोलग फोन केला. "गुणवंतराव, एक मे आपला महाराष्ट्र दिन, आणि कामगार दिनही. गुरुवार आहे, संध्याकाळी सगळे मोकळे. माझ्या घरी फॅमिली शो करू. प्रास्ताविक तुम्ही करायचं. यल्ला, चला, ठरलं!"

मृणालिनीनं ऐकलं आणि मनात म्हटलं, तय्यबची कॉपी आहे, पट्टे आहेत, झाकली मूठ सव्वा लाखाची. होऊ दे.

पण गुणवंतराव पडले चोखंदळ. कापलेली कॉपी रसिकांना दाखवणं त्यांना पटेना. विल्मॉटसाहेब नोकरी संपवून कायमचे विलायतेला निघाले होते, जुमेराच्या व्हिलात त्यांची बांधाबांध चालली होती. गुणवंतरावांनी सहज विषय काढला, तर साहेब खुर्चीत उसळलेच.

"हॅरॉल्ड? अरे, माझ्याकडे आहे ना! पेपरवाल्यांनी त्याला जोड्यानं मारला होता, आणि आमच्या गावात थिएटरबाहेर भर पावसात रांग लागली होती. मी दोनदा गेलो. आईला सांगितलं, चर्चमध्ये कॉयरची प्रॅक्टिस आहे."

आईला खोटं का सांगितलं, हे विचारायचं गुणवंतरावांच्या डोक्यात आलं नाही. "पूर्ण आवृत्ती आहे, सर? कामाचे प्रसंग आहेत त्यात?"

"कामच काम आहे, माय डिअर गुणवंत," साहेब म्हणाले आणि खोकला येईपर्यंत हसले. कॅसेट कुणाला दाखवणार, हे यांनी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

एक मेला अर्ध्या दिवसानं ऑफिस सुटल्यावर गुणवंतरावांनी जुमेराहून कॅसेट उचलली आणि थेट कारखानिसांचं घर गाठलं. आधी बघून घ्यायची सोय नव्हती, कारण त्यांचाच व्हीसीआर शोसाठी सकाळी तिकडे गेला होता. कारखानिसांच्या हॉलमध्ये मोठा टीव्ही. खाली सतरंजीवर पोरंटोरं, सोफ्यावर बायका, मागे पुरुष उभे, आणि अगदी पुढे मानाच्या खुर्चीत उपेंद्ररावांच्या आई, ठकुबाई, व्हिजिट व्हिसावर आलेल्या. महाराष्ट्र गीत झालं, बटाटेवडे झाले. गुणवंतराव उठले.

"मित्रहो, आजवर इथं या कलाकृतीची कापलेली प्रतच मिळत होती. आज प्रथमच पूर्ण आवृत्ती बघणार आहोत. यात प्रत्यक्ष काम दाखवलं आहे!"

सोफ्यावर बसलेल्या मृणालिनीच्या हातातला वडा बशीत पडला. ती उठेपर्यंत दिवे मालवले गेले आणि कॅसेट सुरूही झाली.

हॅरॉल्ड आला. बेल वाजली. "पियानो वरच्या मजल्यावर आहे." गुणवंतराव पट्ट्यांची वाट बघत होते. पट्टे आले नाहीत. हॅरॉल्ड जिना चढला. वरच्या मजल्यावर पलंग होता, पियानो नव्हताच. बाईनं गाऊनच्या पट्ट्याला हात घातला, हॅरॉल्डनं आपल्या, आणि त्याची पँट घसरली.

गुणवंतरावांनी आयुष्यभर वाचलेली सगळी पुस्तकं त्या क्षणी कामाला आली नाहीत. ते धावत पुढे गेले, अंधारात व्हीसीआरचं बटण चाचपून दाबलं, आणि घाईत स्टॉपऐवजी पॉज दाबलं गेलं. चित्र थांबलं. अगदी नको तिथे थांबलं. उपेंद्ररावांना ठसका लागला. कुणाची तरी बांगडी वाजली. "काय झालं रे?" ठकुबाई चष्मा शोधू लागल्या.

आणि तेवढ्यात टीव्हीसमोर पदर पसरला गेला.

मृणालिनी पडदा होऊन उभी राहिली होती. दोन्ही हातांनी साडीचा पदर ताणून तिनं अख्खा टीव्ही झाकला. "बंद करतो, बंद करतो," गुणवंतराव तिच्या पायाशी बसून कुजबुजले. त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

"बंद केलंत, तर ज्यांना कळलं नाही त्यांनाही कळेल," ती ओठ न हलवता म्हणाली. "आवाज घालवा आणि चालू द्या. तुमच्यामागे चारदा पाहिलाय, कुठे पट्टे होते, मला पाठ आहे."

मग ती हॉलकडे वळली आणि बहिऱ्या घरमालकिणीच्या त्या जुन्या आवाजात ओरडली, "अहो पियानोवाले! त्या काळ्या पट्टीला हात लावू नका हं, ती माझ्या सासऱ्यांची आहे!"

सतरंजीवरची पोरं खदाखदा हसली. मृणालिनीनं हॅरॉल्डचाही आवाज काढला, दमलेला, घाबरट. तिनं पियानोच्या तारा तोंडानं वाजवल्या, एक तार तुटल्याचा आवाज काढला, तुटलेल्या तारेबद्दल घरमालकिणीकडून शिव्या खाल्ल्या. इकडे पदर तसूभर हलला नाही. नेमक्या क्षणी तिनं तो खाली घेतला, आणि टीव्हीवर हॅरॉल्ड दारातून बाहेर पडत होता, केस पिंजारलेला, धापा टाकणारा. टाळ्यांचा कडकडाट झाला.

दुसरं घर. दार मिटलं, पदर वर. दार उघडलं, पदर खाली. दुसऱ्या घरात पियानोत उंदीर निघाला, तिसऱ्यात पियानो भाड्याचा निघाला, चौथ्यात तर घरमालकिणीनं हॅरॉल्डकडून पियानोऐवजी वॉशिंग मशीन दुरुस्त करून घेतलं आणि "मग पैसे कसले, खलास!" म्हणून त्याला खिडकीबाहेर काढलं. पोरं पोरांच्या कारणानं हसत होती. मोठ्यांना पदरामागे काय चाललंय ते कळत होतं आणि पदरापुढे काय चाललंय ते दिसत होतं, त्यामुळे ते दुप्पट हसत होते. अपर्णावहिनी गुणवंतरावांवरचा राग विसरून नवऱ्याच्या पाठीत बुक्के मारत होत्या. गुणवंतराव व्हीसीआरशेजारी जमिनीवर बसून होते. त्यांना सिनेमा दिसत नव्हता, फक्त बायको दिसत होती. अंगात वारं भरल्यासारखी ती उभी होती, आणि ते बघताना त्यांना आपली भयंकर लाज वाटली आणि तिचा भयंकर अभिमान वाटला.

शेवटी दिवे लागले तेव्हा 'वन्स मोअर'चा गजर झाला. ठकुबाईंनी मृणालिनीची अलाबला घेतली आणि म्हणाल्या, "फार छान गं बाई. पण तो पियानो मात्र काही शेवटपर्यंत दिसला नाही."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सकाळी गुणवंतराव कागद-पेन घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले. चहा गार झाला तरी कागद कोरा. मृणालिनी समोर येऊन बसली.

"लिहा की. श्रमप्रतिष्ठा."

"मृणाल, मला तो सिनेमा कळलाच नव्हता," ते म्हणाले. "आवडलाही नव्हता, खरं सांगू का. मी बघितलाच कुठे? तू हसलीस. इतक्या महिन्यांनी हसलीस. तेवढंच मला आवडलं, आणि त्याला मी तीन रकाने भरून काय काय नावं दिली." त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "गणपतीतसुद्धा मी पहिल्या रांगेत बसून हसलो होतो. ईश्वरीनं पाहिलंय. घरी येऊन मग लिहिलं ते."

मृणालिनी उठून आत गेली, मसाल्याच्या डब्याखालून तो चार घड्यांचा कागद काढला, त्याच्यावर हळदीचे डाग पडले होते. तो तिनं त्यांच्या कोऱ्या कागदाशेजारी ठेवला.

"सॉरी," गुणवंतराव म्हणाले.

"फायनली!" आतल्या खोलीतून ईश्वरी ओरडली.

तेवढ्यात फोन वाजला. उपेंद्रराव होते. येत्या गणपतीला फार्स करायचाच, वहिनींना घेऊनच करायचा, फक्त घरमालकिणीच्या नवऱ्याचं काम करायला कुणी तयार नाही, कारण त्याला एकच वाक्य आहे आणि मार फार आहे. गुणवंतरावांनी बायकोकडे पाहिलं आणि घसा खाकरून म्हणाले, "मी करतो."

तालमी कारखानिसांच्याच हॉलमध्ये सुरू झाल्या. गुणवंतराव नट म्हणून इतके वाईट होते, की त्यांनीच त्यांचं परीक्षण लिहिलं असतं तर दोन पानं लागली असती. ते एक वाक्यही चुकायचं. एका संध्याकाळी लाटणं उगारून मृणालिनी मागे लागलेली, आणि पळताना त्यांच्या लेंग्याची नाडी सुटली. लेंगा घोट्यापाशी. आत निळ्या पट्ट्यांची चड्डी. मृणालिनी लाटणं टाकून खालीच बसली. मेथीच्या ढिगावर हसली होती तशी, पोट धरून, डोळ्यांतून पाणी काढत.

"श्री. गुणवंत पेंडसे यांचा विनोद पोरकट वाटला," ती कशीबशी म्हणाली. "त्यांनी... त्यांनी घरचाच मंच..." पुढचं तिला हसण्यामुळे बोलता येईना.

गुणवंतरावांनी लेंगा वर घेतला, नाडी बांधली, चष्मा सारखा केला. "उपेंद्रराव," ते गंभीरपणे म्हणाले, "हा प्रवेश पुन्हा घेऊ या." सगळे जागेवर गेले. मृणालिनीनं लाटणं उचललं, गुणवंतराव पळाले, आणि नेमक्या त्याच जागी, या वेळी आपल्या हातानं, त्यांनी नाडी ओढली.